गैरहजर माणसाची बाजू

आमच्या घरच्या दखनीत एक वाक्य आहे: "मैं गीबत नै करती, सच्चीच बोलती." गीबत म्हणजे पाठीमागे केलेली निंदा. हे वाक्य कानावर आलं की समजावं, आता कुणाची तरी सालटी निघणार. बोलणारी आधी दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारून घेते, तोबा तोबा म्हणते, डोक्यावरचा पदर सारखा करते आणि मग जी सुटते ती चहा गार होईपर्यंत. जाऊ, सून, भाडेकरू, मशिदीतले नवे इमामसाहेब, कुणालाही सूट नाही. मला यातलं सर्वांत आवडतं ते हे, की नियम तिला पक्का ठाऊक असतो. मोडण्याआधी ती त्याला रीतसर सलाम करून घेते.

गंमत म्हणजे "सच्चीच बोलती" या बचावाला चौदाशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन झालेलं आहे. 'सहीह मुस्लिम' या संग्रहात एक हदीस आहे, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साथीदारांना विचारलं, गीबत म्हणजे काय, ठाऊक आहे? मग स्वतःच सांगितलं, आपल्या भावाबद्दल त्याला आवडणार नाही असं काही बोलणं. कुणीतरी लगेच शंका काढली, पण ते त्याच्यात खरंच असेल तर? प्रेषित म्हणाले, असेल तरच ती गीबत. नसेल तर ते बोहतान, म्हणजे कुभांड. बदनामीच्या खटल्यात 'मी बोललो ते खरं आहे' हा बचाव निदान मांडता तरी येतो. इथे तो पहिल्या फटक्यात बाद, कारण खरं असणं ही गुन्ह्याची पहिली अटच आहे.

मदरशात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हा पोरींना प्रश्न पडला होता, मग माणसानं बोलायचं तरी काय? आता वाटतं, प्रश्न बोलण्याचा नाहीच. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो खोलीत नाही, हा आहे. समोर असता तर तो म्हणाला असता, थांबा, असं झालं नव्हतं. किंवा म्हणाला असता, झालं होतं, पण त्या दिवशी माझी आई दवाखान्यात होती. तो नसल्यामुळे त्याची बाजू मांडायला कुणी नाही. कुराणातल्या सूरह (अध्याय) हुजुरातमध्ये गीबतीला मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिली आहे, ती ऐकून अंगावर काटा येतो तो मांसामुळे. मला मात्र त्यातला 'मेलेला' हा भाग जास्त टोचतो. मेलेल्या माणसाला हात वर करून आपला चेहराही झाकता येत नाही.

या विषयावर सगळ्यात खोलात गेलेला माणूस म्हणजे इमाम गझाली. इराणातल्या तूसचे, मृत्यू ११११ सालचा. 'इह्या उलूम अद-दीन' या त्यांच्या चाळीस भागांच्या ग्रंथात एक आख्खा भाग जिभेच्या आपत्तींवर आहे आणि त्यात वीस आपत्ती मोजल्या आहेत. सगळ्या इथे सांगत बसत नाही. फालतू बडबड, वाद घालणं, शिवीगाळ, थट्टा, गुपित फोडणं, चुगली, तोंडावर स्तुती, अशी ती यादी आपल्या कुठल्याही लग्नघरातली वाटावी. पण गीबतीवर लिहिताना गझाली असे काही तिरकस होतात की वाचताना हसू येतं. त्यांच्या मते लंगड्याच्या चालीची नक्कल करणं ही गीबतच. डोळे मिचकावणं गीबत. ऐकताना "अय्या, हो?" असा नवलाचा चेहरा करून बोलणाऱ्याला चेव आणणं हीसुद्धा गीबत. आणि सर्वांत वाईट कुठली, तर धार्मिक लोकांची. कुणाचा विषय निघाला की ते म्हणतात, "आपल्याला सुलतानाच्या दारात जाण्याची वेळ आणली नाही त्या अल्लाहचे आभार." म्हणजे आभारही मानून झाले आणि तो माणूस सुलतानाचे उंबरे झिजवतो हेही सांगून झालं. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या वाक्यात मला आमच्या फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, तोबा तोबाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

प्रेषितांच्या स्वतःच्या घरातही हे घडलेलं आहे आणि ते लपवलेलं नाही. हजरत आयशा एकदा सवत सफिया यांच्या बुटकेपणावरून काहीतरी बोलून गेल्या. प्रेषित म्हणाले, तू असा शब्द बोललीस की तो समुद्राच्या पाण्यात मिसळला तर सगळा समुद्र बदलून जाईल. एवढासा शेरा, सवतीसवतीतला. आणि हा प्रसंग पुढच्यांना सांगणारी कोण, तर आयशाच. आपल्याला पडलेली बोलणी त्यांनीच हदीस म्हणून जपून ठेवली.

म्हणूनच 'इफ्क'ची, म्हणजे त्यांच्यावर आलेल्या कुभांडाची, गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायला हवी. ती 'बुखारी' या हदीससंग्रहात लांबलचक आहे आणि तिच्यात बारकावे असे आहेत की बाईनेच सांगावेत. साल साधारण ६२७. बनू मुस्तलिक टोळीवरची मोहीम आटोपून मुसलमानांचा तळ मदिनेकडे परतत होता. रात्री आयशा नैसर्गिक विधीसाठी तळापासून लांब गेल्या, परत आल्यावर गळ्याला हात लावला तर यमनी मण्यांचा हार तुटून पडलेला. शोधायला पुन्हा गेल्या. इकडे माणसांनी हौदा उचलून उंटावर ठेवला. त्या इतक्या हलक्या की आत कुणी नाही हे उचलणाऱ्यांना कळलंच नाही. हार सापडला, पण तळावर चिटपाखरू नाही. आपण नाही हे लक्षात आलं की शोधायला येतीलच, म्हणून त्या तिथेच बसल्या आणि झोपी गेल्या. फौजेच्या मागून येणारा सफवान बिन मुअत्तल तिथे पोचला, त्यांना पाहून त्याच्या तोंडून 'इन्ना लिल्लाह' निघालं, त्याने उंट बसवला, त्या चढल्या, तो लगाम धरून पुढे चालत राहिला. त्यापलीकडे त्याने एक शब्द उच्चारला नाही, असं आयशा सांगतात. भर दुपारी, फौज विसावली होती तेव्हा, दोघं तिथे पोचले. तेवढं पुरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पुढचा महिना आयशा आजारी होत्या आणि शहरभर जे बोललं जात होतं त्यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. जाणवत एवढंच होतं, की आजारपणात नवऱ्याचा जो जिव्हाळा एरवी असे तो नाही. ते दारात येतात, "कशी आहे ही?" एवढं विचारतात आणि जातात.

एका रात्री त्या मिस्तह नावाच्या एका नातलगाच्या आईबरोबर गावाबाहेर गेल्या. तेव्हा घरांना संडास नव्हते, बायका रात्री एकत्र जात. वाटेत मिस्तहच्या आईचा पाय स्वतःच्याच वस्त्रात अडकला आणि तिच्या तोंडून निघालं, "मरो तो मिस्तह!" आयशा चटकन म्हणाल्या, "काय वाईट बोललीस! बद्रच्या लढाईत उतरलेल्या माणसाला शिव्या देतेस?" मग त्या आईने सांगितलं, तुझ्याबद्दल तो काय बोलत फिरतोय ते तू ऐकलं नाहीस का. आयशांना सारं कळलं ते असं.

मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत थक्क करणारं काही वाटत असेल तर ते हेच. मिस्तह तिथे नव्हता. त्याला शिव्या देणारी त्याची सख्खी आई होती. आणि त्याची बाजू घेणारी कोण, तर जिच्या अब्रूची लक्तरं तो मदिनाभर वाटत होता ती. तिला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ठाऊक झाल्यानंतरही फारसा फरक पडला नाही. कुजबुज करणाऱ्यांत हस्सान बिन साबित हा कवीही होता. कितीतरी वर्षांनी आयशांचा भाचा उरवा त्यांच्यासमोर हस्सानला नावं ठेवू लागला, तेव्हा त्यांनी त्याला अडवलं. म्हणाल्या, नको, तो प्रेषितांच्या बाजूने कविता करायचा.

याच गोष्टीत जैनब बिंत जहश येतात. सवतींमध्ये आयशांच्या तोडीच्या कुणी असतील तर त्याच. त्यांची बहीण हमना अफवा पसरवण्यात पुढे होती, बहिणीचं पारडं जड व्हावं म्हणून. प्रेषितांनी जैनबना विचारलं, तुला काय ठाऊक आहे? चालून आलेली संधी होती. नुसतं गप्प राहून मान खाली घातली असती तरी काम झालं असतं. जैनब म्हणाल्या, मी माझे कान आणि डोळे सांभाळते, मला चांगल्याखेरीज काही ठाऊक नाही. बरीरा नावाच्या सेविकेलाही विचारलं गेलं. तिने बराच विचार करून एकच खोड सांगितली: पोरगी लहान आहे, कणीक मळून झोपी जाते आणि शेळी येऊन कणीक खाते.

शेवटी सूरह नूरच्या आयती, म्हणजे कुराणातली वचनं, आल्या आणि आयशा निर्दोष ठरल्या. आई म्हणाली, ऊठ, प्रेषितांचे आभार मान. आयशा म्हणाल्या, मी उठणार नाही, आभार फक्त अल्लाहचे मानीन. हे वाक्य मला तोंडपाठ आहे, आणि ज्यांना आयशा म्हणजे फक्त सोशिक बाई वाटतात त्यांना मी ते मुद्दाम ऐकवते.

त्या आयतींमध्ये दोन गोष्टी आहेत. एक, पावित्र्यावर आरोप करायचा तर चार साक्षीदार आणा, नाहीतर ऐंशी फटके खा आणि तुमची साक्ष यापुढे कधी धरली जाणार नाही. दुसरी गोष्ट फटक्यांइतकी गाजली नाही. ऐकणाऱ्यांना विचारलंय, ऐकल्याबरोबर 'हे तर उघड कुभांड आहे' असं तुम्ही का म्हणाला नाहीत? तुम्हाला ते किरकोळ वाटत होतं आणि अल्लाहपाशी ते फार मोठं होतं. म्हणजे ज्यांनी रचलं त्यांच्याबरोबर ज्यांनी नुसतं इकडून तिकडे नेलं तेही कठड्यात उभे. एक हदीसही आहे: ऐकलेलं सगळं पुढे सांगत सुटणं, माणूस खोटा ठरायला एवढं पुरे. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असं बिरूद मिरवत दिवसाला जे येतं त्यात निम्म्याच्या वर हदीसच असतात, ही हदीस मात्र अजून वाट बघायला लावते आहे.

मिस्तहचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. तो गरीब होता आणि त्याचा खर्च आयशांचे वडील, हजरत अबू बक्र, नात्यापोटी चालवत. प्रकरण उघड झाल्यावर त्यांनी शपथ घेतली, यापुढे एक दाणा नाही. कुठलाही बाप हेच म्हणेल. त्यावर आयत आली, की सुस्थितीतल्यांनी नातलगांना न देण्याच्या शपथा घेऊ नयेत, अल्लाहने आपल्याला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बक्रनी मदत पुन्हा सुरू केली. याच अबू बक्रना एकदा हजरत उमरनी स्वतःची जीभ चिमटीत धरून ओढताना पाहिलं होतं. हे काय चाललंय, सोडा, असं उमर म्हणाले, तर उत्तर मिळालं, हिनेच मला संकटांच्या दारात नेलंय.

इथवर लिहिलेलं वाचून कुणी म्हणेल, छान, सुंदर शिकवण. मलाही तसंच म्हणून थांबता आलं असतं. पण जीभ सांभाळण्याचा उपदेश आमच्याकडे कुणाला जास्त केला जातो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

आमच्या गल्लीत गुरुवारी दुपारी एका घरी बायकांची तालीम, म्हणजे धर्माची शिकवणी, असते. सतरंजी अंथरलेली, दाराशी चपलांचा ढीग, आपा मांडीवर किताब घेऊन वाचतात आणि मध्येच डोळ्यावरचा चष्मा कपाळावर ढकलून समजावतात. त्या दिवशी विषय गीबतीचाच होता. मेलेल्या भावाचं मांस झालं, दोन कबरींची हदीस झाली, ज्यात एका कबरीतल्या माणसाला चुगलखोरीसाठी यातना होत असतात. पलीकडच्या गल्लीतली एक नवी सून भिंतीला टेकून बसली होती. तिने हळूच विचारलं, नवऱ्याबद्दल माहेरी सांगितलं तर तीही गीबतच का? हाताची बाही तिने बांगड्यांच्या खालपर्यंत ओढून धरली होती, ऐन मे महिन्यात. आपांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि कुराणातलं वचन सांगितलं, की नवरा-बायको एकमेकांचं वस्त्र असतात, वस्त्राचं काम झाकण्याचं. बायकांनी माना डोलावल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त अरबी वचनात गुंडाळलेला.

मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर एक खाला बसल्या होत्या. गुडघे गेलेत म्हणून त्यांना खुर्ची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण रमजानमध्ये तरावीहच्या रात्रीच्या नमाजाला ऐकून ऐकून कुराणाचा अंदाज पक्का. त्या म्हणाल्या, "आपा, अठ्ठाविसवा पारा खोलो ना जरा."

पारा म्हणजे कुराणाचा भाग. अठ्ठाविसावा पारा सुरू होतो तो असा: जी बाई आपल्या नवऱ्याबद्दल तुमच्याशी वाद घालत होती आणि अल्लाहकडे गाऱ्हाणं मांडत होती, तिचं म्हणणं अल्लाहने ऐकलं. सूरहचं नावच मुजादिला, वाद घालणारी. ती बाई खौला बिंत सालबा. नवऱ्याने रागाच्या भरात 'तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी' असं म्हटलं होतं. अरबस्तानच्या जुन्या रूढीत हे वाक्य उच्चारलं की बायको धड बायकोही राहत नसे आणि धड सुटतही नसे. खौला प्रेषितांकडे गेल्या आणि नवऱ्याचं जे काय होतं ते सगळं सांगितलं. आयशा त्याच घरात होत्या. त्या सांगतात, मला तिचं काही बोलणं ऐकू येत होतं, काही नाही, आणि अल्लाहने ते सगळं ऐकलं. कुणी तिला म्हटलं नाही, की घरातलं घरात ठेव. उलट नवऱ्याच्या त्या वाक्यालाच प्रायश्चित्त लावलं: एक गुलाम मुक्त कर, नाही जमलं तर लागोपाठ दोन महिने रोजे, तेही नाही जमलं तर साठ गरिबांना जेवण.

म्हणजे त्या घरात आवरायला हवी होती ती जीभ नवऱ्याची. हे आपल्याकडे उलटं कधी झालं कोण जाणे. एका दमात तीनदा शब्द उच्चारून बायकोला रस्त्यावर आणणाऱ्या जिभेवर कुणी प्रवचन देत नव्हतं, आणि त्याविरुद्ध १९६६ साली हमीद दलवाईंबरोबर मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेणाऱ्या सात मुस्लिम बायकांना मात्र जीभ लांब झाल्याचं ऐकावं लागणार, हे ठरलेलंच. दलवाईंची सगळी मतं मला पटतात असं नाही. पण त्या सातजणींकडे मी खौलाच्या लेकी म्हणूनच बघते.

सूरह निसामध्ये तर स्वच्छ लिहिलंय, की वाईट गोष्ट उघडपणे बोललेली अल्लाहला आवडत नाही, ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट वेगळी. गझालींनी आणि त्यांच्यानंतर दीडेकशे वर्षांनी इमाम नववींनी गीबत कुठे चालते याचे सहा प्रसंग नोंदवले आहेत, त्यातला पहिलाच जुलमाविरुद्धच्या तक्रारीचा. दुसऱ्याला सावध करणं, धर्माचा निर्णय विचारणं, अन्याय थांबवायला मदत मागणं हेही त्यात आहे. अबू सुफयानची बायको हिंद प्रेषितांकडे येऊन म्हणाली, माझा नवरा चिक्कू आहे, मला आणि पोरांना पुरेसं देत नाही. प्रेषितांनी तिला गप्प केलं नाही. सांगितलं, रीतीप्रमाणे लागेल तेवढं त्याच्या पैशातून घे.

हदीसची अख्खी विद्याच या अपवादावर उभी आहे. कोण खोटारडा, कोणाची स्मरणशक्ती म्हातारपणी गेली, कोण ऐकीव माहिती दामटून सांगतो, हे नावानिशी लिहून ठेवल्याशिवाय खरी हदीस आणि बनावट हदीस वेगळी करता आली नसती. आठव्या शतकातले हदीसचे पारखी शूबा या कामाला बसताना म्हणत, चला, अल्लाहसाठी थोडा वेळ गीबत करू.

या साऱ्यात मला रोजच्या जगण्यात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट फातिमा बिंत कैस यांची. घटस्फोटानंतर इद्दत, म्हणजे पुन्हा लग्न करण्याआधी थांबायची मुदत, संपली, दोन स्थळं आली. त्यांनी प्रेषितांचा सल्ला विचारला. दोन्ही पुरुष ओळखीचे, मानाचे, आणि दोघंही तिथे हजर नव्हते. प्रेषित म्हणाले, मुआवियाकडे पैसा नाही. अबू जहमची काठी खांद्यावरून खाली येत नाही. या हदीसच्या एका रिवायतीत, म्हणजे पाठात, याहून सरळ आहे, तो बायकांना मारतो. तू उसामाशी लग्न कर.

आमच्याकडे स्थळाची चौकशी फोनवर होते. मुलीकडचे विचारतात, मुलगा कसा आहे, आणि आपण म्हणतो, चांगली माणसं आहेत हो, आम्हाला काय ठाऊक. जो माणूस आदल्याच संध्याकाळी त्या मुलाच्या सात पिढ्या उद्धारत होता तोही फोनवर हेच म्हणतो, आणि वर गीबत नको म्हणतो. यंदा ईदनंतर सोलापूरहून एका बाईंचा फोन आला, आमच्या गल्लीतल्या एका मुलाबद्दल. मी सांगितलं, मुलगा कमावता आहे, आई सज्जन आहे. पहिली बायको का गेली ते त्याच्या घरी विचारा आणि तिच्याही माहेरी विचारा. गावाचं नाव सांगते, नंबर मिळवून देते. त्या थोड्या थांबल्या, मग म्हणाल्या, लिहून घेते. मुलाच्या घोरण्याबद्दल, उधारीबद्दल, त्याच्या बहिणीच्या तोऱ्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं. त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.